कामाचे स्वरूप

कॅनडाचा फॉर्म विचारतो: कामाचे स्वरूप लिहा,
दीड हजार अक्षरांत, मोकळ्या जागा धरून.
मी लिहिते: उड्डाण प्रशिक्षक. चार वर्षं, दोन महिने.
आठवड्याचे तास?
इथं कर्सर नुसता लुकलुकत राहतो.

डिसेंबरात दहा वाजेस्तोवर धुकं उठत नाही,
आम्ही हँगरच्या पायरीवर चहा पीत बसतो.
धुकं उठलं की तणसाचा धूर.
एकदा सारसांची जोडी धावपट्टीवर उतरली
ती अठरा मिनिटं हललीच नाही;
इंजिन चालू, मीटर चालू, पोराच्या बापाचे पैसे चालू,
आणि मी त्याला म्हटलं, बघून घे, हे पुस्तकात नाही.
ती अठरा मिनिटं कुठल्या रकान्यात टाकू?

पत्र हवं लेटरहेडवर:
हुद्दा, पगार, कर्तव्यं, सही, शिक्का.
कॅप्टन वाडिया म्हणाले, तूच टाईप करून आण.
मग माझ्याबद्दल मीच लिहिलं,
'कु. देवला रहांगडाले या आमच्या संस्थेत'
वाचताना वाटलं, बाई बरी दिसते,
घ्यायला हरकत नाही.

गेल्या दहा वर्षांचे पत्ते, एकही महिना न सोडता.
गावच्या घराला क्रमांक नाही.
लिहिलं, पाण्याच्या टाकीमागे.
लाल अक्षरं आली.
शून्य टाकलं. शून्य चाललं.

चौकशीला ठाण्यातून हवालदार कोरे आले.
बाबांनी खाट टाकली, आईनं पोहे टाकले.
'मुलीची वागणूक?' पेन झटकत त्यांनी विचारलं.
बाबा सत्तावीस वर्षं याच पट्टीचे चौकीदार,
विमान यायच्या आधी म्हशी हाकलणारे.
म्हणाले, 'सायेब, तिच्या चाकाखाली कदी कुत्रं बी नाई आलं.'
हवालदारांनी लिहिलं: चांगली.
मग पेन खिशात ठेवून,
'तिकडं इमान शिकवाले मानसं भेटत नाईत का वो?'
कुणालाच माहीत नव्हतं.
आईनं आणखी पोहे वाढले.

दीड हजार अक्षरं भरली
आणि काम लिहायचं राहूनच गेलं.

हिरण्य बोरा, जोरहाटचा, एकोणीस वर्षांचा.
तीन लँडिंग नीट झाली. चौथ्याच्या आधी
मी पट्टा सोडला, दार उघडलं, उतरले.
त्याचा चेहरा पिकल्या धानासारखा पिवळा.
प्रत्येकाला सांगते तेच त्यालाही ओरडून सांगितलं:
आता माझं वजन नाही. लवकर उचलेल. दचकू नको.
मग गवतात उभी राहिले,
रेडिओ हातात, बटण न दाबता.
तो आमच्या बोडीवरून वळला, जरा उंचच,
बांध्यांच्या चौकोनांवरून आला,
एकदा उसळला, टेकला.
नऊ मिनिटं.
ती त्याच्या लॉगबुकात जातात, माझ्या नाही.
नियम आहे, आणि बरोबर आहे.
अशी एकतीस पोरं.
म्हणजे पावणेपाच तासांना थोडे कमी
मी काही न करता गवतात उभी होते,
आणि तेवढेच तास मला पाठ आहेत.

नेट फक्त बोडीच्या पाळीवर येतं.
रात्री लॅपटॉप घेऊन निघाले तर बाबा काठी घेऊन मागे,
इथं घोणस निघते म्हणून.
बेडूक ओरडतायत. फाईल मोठी आहे,
चार वर्षं आणि दोन महिने, स्कॅन केलेले.
बाबा दोन पावलं लांब उभे,
टॉर्च हातात, बटण न दाबता;
लावली की किडे येतात स्क्रीनवर.

बऱ्याच वेळानं विचारतात, 'उचललं का?'

चाक फिरतंय.
अठ्ठ्याण्णव टक्के.